गव्हातला पारा

१२ जानेवारी २००४, सोमवार
धम्मदीपच्या कॉम्प्युटर कंपनीनं ड्रायव्हरांना डायऱ्या वाटल्या. तो म्हणाला, आई, तूच लिही, मला कुठला वेळ. चौथी शिकलेल्या बाईनं डायरी लिहायची आणि बारावीवाल्याला वेळ नाही, असा हा काळ. तर लिहिते.
आजपासून कामाला लागले. कोथरूडच्या पलीकडे नवं खासगी विद्यापीठ निघालंय, तिथल्या रसायनाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. विश्रांतवाडीहून दोन बस. पण खोली लख्ख, नळाला दिवसभर पाणी आणि सुनेचं तोंड संध्याकाळपर्यंत दिसत नाही. आणखी काय हवं?
तिथला शिपाई रंगराव. त्यानं मला आधीच्या बाईचा, सुंदराबाईचा, ॲप्रन दिला. ती का गेली म्हणून विचारलं, तर म्हणाला, हात थरथर कापायला लागले, भांडी फोडायची. मी म्हटलं, माझे हात साठ वर्षांत कापले नाहीत, माझ्या नवऱ्याला विचारा. तो वारलाय, तेवढीच अडचण.

२३ जानेवारी
प्रयोगशाळेच्या मॅडमनी नियम सांगितले. इथे डबा खायचा नाही. नळीला तोंड लावायचं नाही. आणि पारा सांडला तर हात न लावता खिडक्या उघडायच्या आणि त्यांना बोलवायचं. म्हणाल्या, पाऱ्याची वाफ होते, ती दिसत नाही, तिला वास नाही, तापला की फारच वाईट.
मी मान डोलावली. ज्याला वास नाही ते काय मारणार? माझी सासू धान्यात कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या गोळ्या ठेवायची. ब्याण्णव वर्षं जगली, तीही माझ्या उरावर.

५ फेब्रुवारी
अवनी नावाच्या मुलीच्या हातून पाऱ्याची मोठी नळी फुटली. टेबलाखाली नुसती चांदी पळत होती. मॅडम बाहेर गेलेल्या. मुलगी रडायला लागली, आजी, त्या मला वर्गातून काढतील. मी म्हटलं, डोळे पूस आणि काचा उचल, बाकी मी बघते. पुठ्ठ्यानं सगळा गोळा केला. वाटीभरच, पण तान्ह्या पोराएवढा जड.
टाकवेना. डबीतून घरी आणला, जाड फडक्यात बांधून दोन गाठी मारल्या आणि गव्हाच्या पिंपात तळाशी ठेवला. बाजारात गोळ्या कोण विकत घेतो?

२७ फेब्रुवारी
गव्हाला एक किडा नाही. सुनेला, अक्षतालासुद्धा मान्य करावं लागलं, तोंड वाकडं करून का होईना. नात निकिता पिंपाला टेकूनच झोपते, गार लागतं म्हणते. चार वर्षांची आहे, पण वकिलासारखी बोलते.

१९ मार्च
निकिताचे तळहात लालबुंद झालेत. लसणीची सालं निघावीत तशी कातडी निघते. डॉक्टर म्हणाला, उन्हाळा. मलम दिलं.
बोलतही नाही फारशी.

६ एप्रिल
निकिता पिंपामागे लपून बसते. कोणी आलं की डोळ्यांवर हात. म्हणते, आजी, माझ्याकडे बघू नको.
माझ्या तोंडाला तांब्याच्या पैशाची चव. चहा बशीत सांडतो. अक्षतानं पाहिलं आणि बशी पुसून दिली. तिनं बशी पुसली याचीच जास्त भीती वाटली.

१९ एप्रिल
ॲप्रन खिळ्याला टांगला की आत कोणीतरी उभं आहे असं वाटतं. माझ्याकडे बघतं. भर दुपारी. आमच्यात भुतं नाहीत. छप्पन साली सासऱ्यांनी देव नदीत सोडले, त्यांच्यामागून भुतंही गेली. मग हे कोण?
आज तीन नळ्या फोडल्या. रंगराव म्हणाला, तुमचंही सुरू झालं का?
तुमचंही.

२ मे
अक्षर बिघडलंय. विहारातल्या बायका पौर्णिमेच्या खिरीला गहू मागायला आल्या. अक्षतानं पायलीभर दिले, पिंपात तेवढेच उरले होते, तळाचे.
निकिता आज चालताना पडली. दोनदा.

३ मे
रंगरावाकडून पत्ता घेऊन येरवड्याला गेले. सुंदराबाई दाराआड उभी राहून बोलली. मी बघू नये म्हणून. तिची कपबशी वाजत होती — माझीही. दोघींच्या बशा वाजत होत्या.
तीही मुलांनी सांडलेला पारा गोळा करायची. घरी न्यायची. तिचा नातू — सहा वर्षांचा — त्यानं बोलणं सोडलं ते सोडलंच.
मग तिनं विचारलं, बाई, तू धान्यात तर नाही ठेवलास?

घरी येऊन पिंप पालथं केलं. फडकं आहे. गाठी आहेत. आत काही नाही. जमिनीच्या फटीत चकाकतंय — निकिताच्या गोधडीच्या शिवणीत पण —

४ मे
सरकारी दवाखाना. निकिताला नळ्या लावल्यात. हात बांधलेत, कातडी ओरबाडते म्हणून. मला ओळखलं. तोंड फिरवलं.
मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. अक्षता ऐकत होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, तो गहू कुठे कुठे गेला, आठवेल तसं लिहून द्या. या डायरीतच लिहिते, फाडून देईन. हात थांबत नाही.

घरी खाल्ला. वरचा.
गिरणीत दळला. एकदा.
शेजारी नाही दिला.
विहारात — पायलीभर — तळाचा —

आज पौर्णिमा. खीर सकाळपासून चुलीवर — पोरं पातेल्याभोवतीच असतात, वाफेत तोंडं घालून — तापला की फारच —
फोन कोणाकडे आहे — अक्षता, अगं —
बाराला पंगत. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबा