पाट्या पाच, खिसे सहा

रविवार, सकाळचा दुसरा चहा

श्रीयुत साडूभाऊ यांना,

वाकून नमस्कार. (वाकण्याचा सराव सध्या उत्तम आहे. रोज दोन-अडीच तास मी टेबलावर वाकलेलाच असतो, त्यातलं एक वाकणं तुमच्या नावे धरावं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. मी तर इतका खुशीत आहे की ताप तर नाही ना म्हणून हिने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. (माझ्या. स्वतःच्या कपाळाला ती रोजच लावते.)

तुम्ही पाठवलेली खडूंची पेटी केव्हाच पोचली, कळवायचं तेवढं राहिलं होतं. शंभर पांढरे, वीस रंगीत, एकही मोडलेला नाही. सोबतची चिठ्ठीही वाचली. उतारवयात मी बालवाडी काढतोय याचं तुम्हाला कौतुक वाटलं, आभारी आहे. पण साडूभाऊ, मी बालवाडी काढलेली नाही. मी स्नूकरची खोली केली आहे! घरच्या घरी, बारा फुटी टेबल, वर लांबलचक दिवा, भिंतीला काठ्यांची घडवंची, आणि गुण लिहायला पितळी काट्यांचा फळा. सगळं तयार आहे आणि मी त्याच्या शेजारी बसून हे पत्र लिहितो आहे. (टेबलावर नाही. टेबलावर कागद काय, मी श्वाससुद्धा टाकू देत नाही.)

ही खोली का केली हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लिहून ठेवतो. एकतीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाला दोन महिने झाले असताना, तुमच्या कंपनीच्या क्लबात आपला डाव झाला. सासरेबुवा खुर्ची टाकून बघत होते, आपल्या दोघांच्या बायका दारात उभ्या होत्या. टेबलावर एकच रंगीत चेंडू उरला, काळा. तुम्ही चार गुणांनी पुढे, काळ्याचे सात, पाळी माझी. पडला तर मी जिंकलो, हुकला तर मान खाली. आणि नेमके दिवे गेले. अंधारात चाचपडताना सासरेबुवांनी टेबलावर दोन्ही हात टेकले, चेंडू इकडचे तिकडे झाले आणि डाव कायमचा अर्धवट राहिला. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवता आणि चारचौघांत सांगता, दिवे गेले नसते तर हेच जिंकले असते. किती वेळा म्हणालात? मी मोजणं सोडून दिलं. बोलता गोड, पण मला ते दर वेळी टोचतं. का टोचतं ते खाली येईल. तो काळा चेंडू एकदा खरोखर पाडायचा, तोही तुमच्यासमोर, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

आता बालवाडीचा घोळ. पाणीपुरवठा खात्यात मी बत्तीस वर्षं नकाशे काढले, साहेबांच्या हुकमाने सगळे इंग्रजीत. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, आता स्वतःच्या घराचा नकाशा काढायचा तो अस्सल मराठीत. गच्चीवर नवी खोली बांधायचा बेत होता. नकाशा असा झकास उतरला की फ्रेम करून लावावा. खाली उजव्या कोपऱ्यात वळणदार अक्षरात सामानाची यादी घातली: पाट्या ५, खिसे ६, उशा ६, काठ्या ४, हिरवी बनात, खडू. यात चुकलं काय, तुम्हीच सांगा! स्नूकरच्या टेबलाच्या पोटात स्लेटच्या दगडाच्या पाच जाड लाद्या असतात, एकीला एक जोडलेल्या, वर बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणलेली. स्लेट म्हणजे पाटी. चेंडू पडतो तो खिसा. ज्या कडेवर आपटून तो परत येतो ती उशी. चेंडू मारायचा ती काठी, आणि तिच्या टोकाला घासायचा तो खडू. पण यादी पडली हिच्या हातात. पाट्या, खडू, पोरांना दुपारी निजायला उशा, आणि खिसे बहुधा गणवेशाचे. तिने लगेच ताईंना फोन लावला. वर आठवडाभर माझ्याशी धड बोलेना. का, तर चार काठ्या. या वयात परक्यांच्या लेकरांवर छड्या उगारणार आहात का, असं तिने आठव्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून विचारलं तेव्हा मला उलगडा झाला.

हिचं एक वेळ ठीक, पण मिस्त्री! मिस्त्रीच्या जगात पाटी म्हणजे डोक्यावरून वाळू वाहायची ती. त्याने नकाशा उभा धरला, आडवा धरला, आणि फक्त पाच पाट्यांसाठी एवढी खोली कशाला असं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, पाचच लागतात, पण वजन पेलेल ना? तो हसला. म्हणाला, पाच पाट्यांचं कसलं आलंय वजन, दहा आणा. मी माणूस पक्का, कामाच्या बाबतीत कुणावर विसंबत नाही, म्हणून आणखी दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा तो तसाच हसला. दोघंही मनापासून खरं बोलत होतो हो, आणि दोघंही निराळ्याच पाट्यांबद्दल. खोली छान झाली. मोठ्या खिडक्या, गार वारा, आणि जमीन अशी नाजूक की हिने वर शेवया वाळत घातल्या असत्या तर शोभल्या असत्या.

मग ट्रक आला. पहिली पाटी उतरवायला आठ हमाल लागले आणि आठही जण आपापल्या आईला हाका मारत होते. नेमका त्या वेळी मिस्त्री राहिलेली शिडी न्यायला आला होता. त्याने ती पाटी पाहिली, मला पाहिलं, वर गच्चीकडे पाहिलं, आणि शिडी खाली ठेवून तिच्यावरच बसला. ह्या पाट्या? मी म्हणालो, मग कुठल्या? त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. म्हणाला, काका, ही पाचही वर चढवा खुशाल, तासाभरात आपापल्या पायांनी खाली दिवाणखान्यात येतील, फक्त तुम्हाला सोबत घेऊन येतील.

दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी अर्ध्या मिनिटात निर्णय घेतला. पाट्यांना दिवाणखान्यातच यायचं असेल तर त्यांनी सरळ दारातून यावं! सोफा, कपाट, टीव्ही, हिच्या कुंड्या, सगळं वर, आणि टेबल खाली. हिला गेली बावीस वर्षं वरच्या मजल्यावर हवेशीर बैठकीची खोली हवी होती आणि मी बावीस वर्षं तांत्रिक कारणं सांगून ती उडवून लावत होतो. आता ती वरच्या खिडकीत बसून वारा खाते, पाहुणे धापा टाकत जिना चढतात आणि खोलीचं कौतुक करतात. हिचं म्हणणं, तुमच्या हातून झालेलं हे पहिलं काम जे मला हवं होतं तसं झालं. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं आहे.

टेबल बसवायला आलेला कारागीर म्हणजे मौनी बाबाच. तीन दिवसांत फक्त हुंकार. पाणसळ ठेवायचा, तिच्यातला बुडबुडा बघायचा, टेबलाच्या पायाखाली पत्त्याएवढी पातळ चकती सरकवायचा, परत बघायचा. पाट्यांच्या सांध्यात वितळलेलं मेण ओतलं आणि ते असं खरवडलं की बोट फिरवून सांधा सापडेना. मी नकाशातली माझी मापं त्याला सांगायला गेलो तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. (बत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबानेसुद्धा मला असं गप्प केलं नव्हतं.) चौथ्या दिवशी त्याने एक चेंडू या टोकापासून त्या टोकाकडे अगदी हळू सोडला. चेंडू सुतासारखा सरळ गेला आणि मधोमध थांबला, केसभरही इकडे तिकडे कलला नाही. कारागीर म्हणाला, झालं. साडूभाऊ, खोटं कशाला सांगू? आयुष्यभर कागदावर सरळ रेघा काढल्या, पण खरोखरची सपाट गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

एक बारीकशी गोष्ट मात्र राहून गेली. मी दार मोजलं, छत मोजलं, टेबल मोजलं. टेबलाच्या मागे काठी घेऊन माणूस उभा राहणार, त्याला मोजलं नाही. एका बाजूला जिना आडवा येतो आणि दुसऱ्या बाजूला भिंत, म्हणून काठी मागे ओढली की कोपर भिंतीच्या चुन्याला लागतं. पण तिथे खिडकी आहे! मी तिचा एक गज कापून घेतला. (ही म्हणाली, चोरांची चांगली सोय केलीत. मी म्हणालो, चोराने पाट्या नेऊन दाखवाव्यात.) आता खिडकीतून काठीचं बूड बाहेर काढायचं आणि बिनधास्त मारायचं. पहिल्याच दिवशी बाहेर झाडांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या हेडमास्तरांच्या बरगडीत ती बसली. कडाक्याचं भांडण होणार असं वाटलं, पण त्यांनी आत डोकावून खेळाचे नियम विचारले. तेव्हापासून ते रोज खिडकीबाहेर खुर्ची टाकून पंचाचं काम करतात. शाळा सुटली तरी त्यांचा आवाज सुटलेला नाही, माझा गुण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो.

दिव्याचं बटण मी मुद्दाम इतकं उंचावर बसवून घेतलं आहे की स्टुलाशिवाय कुणाचा हात पोचणार नाही. वायरमनने कारण विचारलं, हिनेही विचारलं. मी म्हणालो, तांत्रिक कारण आहे.

आणि आता मुख्य बातमी. एकतीस वर्षांपूर्वीचा तो काळा कुठे होता, पांढरा कुठे होता, हे माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. दोन्ही जागा मी बनातीवर तुमच्या खडूने बारीक ठिपके देऊन पक्क्या केल्या आहेत. (पांढरा नेमका खिडकीच्या बाजूला येतो. माझं नशीब मापात कधी चुकत नाही.) चार महिने रोज सकाळी तोच एक फटका मारतो आहे. पाठ धरली, चष्म्याचा नंबर वाढला, हेडमास्तर रोज तारस्वरात 'हुकला' म्हणत राहिले. आणि काल, शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तो काळा सरळ गेला आणि मधल्या खिशात धप्पकन पडला! मी काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून टेबलाभोवती फेरी मारली. (तीन बाजूंनी. चौथ्या बाजूला जिना आहे.) ही वरून धावत आली, तिला वाटलं मी पडलो. पडला तो काळा! एकतीस वर्षांनी पडला!

तेव्हा पुढच्या रविवारी ताईंना घेऊन या. सकाळीच या, भरपूर उजेडात. राहिलेला डाव तिथूनच पुढे सुरू करू, पाळी माझी. दिवे आता जाणार नाहीत.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. काल काळ्याच्या मागोमाग पांढराही त्याच खिशात गेला, हे वर लिहायचं राहिलं. पांढरा पडला की फाऊल, आणि डाव तुमचा. हेडमास्तरांना खिडकीतून माझी पाठच दिसते, म्हणून त्यांनी मला विजयी घोषित केलं आहे, पण तुम्हाला चकवणं मला जमायचं नाही.

ता. क. दुसरा. चकवण्यावरून आठवलं, म्हणजे आठवणीतच होतं. साडूभाऊ, त्या दिवशी दिवे गेले नव्हते. मी घालवले. काठीच्या टोकाला खडू लावायला म्हणून भिंतीपाशी गेलो, खडूच्या शेजारीच बटण होतं. सासरेबुवा बघत होते, ही बघत होती, आणि तो फटका मला जमणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. बटण खाली केलं, सगळे 'वीज गेली' म्हणाले, मीही म्हणालो. मिनिटभराने परत वर केलं. तुम्ही इतकी वर्षं मोठ्या मनाने मलाच विजयी करत आलात आणि मी मान डोलावत राहिलो. फार लाज वाटते हो. हे लिहिलं आणि माझी पाटी कोरी झाली. आता येणं न येणं तुमच्यावर. पण या.

(पाकिटाच्या मागे, वेगळ्या अक्षरात)

भावोजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. ह्यांचा हात बटणावर मी दारातून पाहिला होता; ताईला ते मी त्याच संध्याकाळी सांगितलं आणि ताईने तुम्हाला, हे ह्यांना अजून माहीत नाही. खडूंची पेटी बालवाडीसाठी नव्हती, खडूच्या निमित्ताने ह्यांना पुन्हा बटणापाशी जायला नको म्हणून होती, ते मला लगेच कळलं, ह्यांना कळू दिलेलं नाही. रविवारी नक्की या, आणि आल्यावर पुन्हा तेच म्हणा: दिवे गेले नसते तर हेच जिंकले असते. तुमच्या तोंडून ते ऐकल्याशिवाय ह्यांचा नेम लागायचा नाही.