मशीन ऐकत नाही

४ नोव्हेंबर

लाकूड कातायचा लेथ फुकट मिळाला असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. खरी किंमत इथे लिहून ठेवतो. गॅरेजमधली गाडी रस्त्यावर आली, हिची कपड्यांची दोरी गच्चीवर गेली, हमालाच्या अंगठ्याचं नख गेलं आणि माझ्या कमरेत भरलेली उसण अजून उतरलेली नाही. बाकी फुकट.

या घरात येऊन आठवडाच झालाय, पण जागा लाभली म्हणायची. मागच्या गल्लीतल्या कातारणीबाईंचा नवरा गेला, मशीन पडून होतं. निघताना बाई पुटपुटल्या, मशीन ऐकत नाही, बोलायचं काही. मला फार आवडलं. जन्मभर पंपांच्या जळक्या मोटारी तांब्याची तार गुंडाळून भरून दिल्या मी. अडेल मशीनशी गोड बोलावं लागतं हे मला कोणी शिकवायला नको. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, तेवढा एक त्रास.

हातगाडीवर पंखे दुरुस्त करता करता दुकान टाकलं, ते या दोन कानांच्या जोरावर. बेअरिंग जायच्या आधी मला ऐकू यायचं. लाकूडसुद्धा तडकायच्या आधी ऐकू येईल. या बाबतीत मी भल्याभल्यांचे कान कापतो.

७ नोव्हेंबर

लेथ चार बोल्टांनी जमिनीला जखडला. खाली रबराचे तुकडे घातले, थरथर निम्मी झाली. उजेड डाव्या खांद्यावरून येईल असा दिवा लावला, पटाश्या धार लावून भिंतीला टांगल्या. गॅरेज एवढंसं, मागे सरकलो की पाठ शटरला लागते. पहिला वाडगा उतरला तो बसला की डुगडुगतो, पण वाडगाच आहे.

कातता कातता मशीनशी गप्पा मारल्या. नव्या माणसाला घरच्यांची ओळख करून द्यावी तशी. शेजारचे मास्तर जिथे तिथे नाक खुपसतात, एक दिवस नाक कापलं जाणार त्यांचं, म्हटलं. मेहुणा म्हणजे बोट दिलं की हात धरणारा. आणि आमची ही तोंडाने फटकळ, पण माझ्यावर जीव टाकते.

ही दारातच होती. म्हणाली, अहो, मशीनशी बोलताय की अख्ख्या गल्लीशी? लाजली मात्र.

१२ नोव्हेंबर

मास्तर आवाजाची तक्रार घेऊन आले आणि तक्रार विसरून लेथवर वाकले. ठोकळ्याची एक ढलपी उडाली. नाकाचा शेंडा कातडीवर लोंबत होता. टाके पडलेत. नाक खुपसलं की असंच होतं, असं मी हिला म्हणालो. तिला हसू आलं नाही. मला आलं.

१६ नोव्हेंबर

मेहुणा आला होता. फिरता वाडगा बघून म्हणाला, काय गुळगुळीत झालाय भावोजी, बोट लावून बघू? मी म्हटलं, बघ की.

त्याने बोट दिलं. मशीनने हात धरला.

बटण दाबलं, थांबलं नाही. वायर उपटली. मनगटापर्यंत गेल्यावर थांबलं, सावकाश, पोट भरल्यासारखं. ही भावाबरोबर हॉस्पिटलला गेली. मी भुसा धुवून काढला. धुताना ते वाक्य आठवलं. माझंच होतं.

१७ नोव्हेंबर

कातारणीबाईंकडे गेलो. पुन्हा पुटपुटायला लागल्या तसा कान पुढे केला आणि ओरडून सांगा म्हटलं. त्या ओरडल्या. मशीन ऐकतं. नाही बोलायचं काही.

ऐकत नाही, बोलायचं काही, असं नव्हतं ते. ऐकतं. नाही बोलायचं.

लाकूड चढवून फिरायला लागलं की ऐकतं, म्हणाल्या. जसं बोलाल तसं धरतं, आडवा अर्थ त्याला कळत नाही. त्यांचा नवरा अभिमानाने सांगायचा, मी मान मोडून काम करतो. मान मोडूनच गेला.

मग मला का दिलंत, विचारलं. बाई म्हणाल्या, माझ्या घरातून गेलं ना.

१८ नोव्हेंबर

तिघांबद्दल बोललो होतो. मास्तर. मेहुणा.

तिसरं वाक्य लिहवत नाही. वर आहे, सातव्या तारखेला.

हिला निरोप पाठवला, भावाजवळच राहा, घरी येऊ नकोस. संध्याकाळी डबा घेऊन दारात उभी. म्हणे, तुम्ही उपाशी झोपाल. नको तिथे प्रेम. हातातला डबा हिसकावून हाकलली, वाटेल ते बोललो. पायरीवर बसून रडली. गेली नाही.

गॅरेजला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात.

१९ नोव्हेंबर, सकाळ

मशीन मोडावं, तर दिलेलं वाक्य तसंच राहील. जसं बोललो तसंच मागे घ्यायला हवं — लाकूड चढवून, फिरत असताना. ही घरात आहे, बाहेरून कडी घातली. वायर पुन्हा जोडली, मोठा ठोकळा लावला. वाक्य ठरवलंय. ही जगणार, माझ्यानंतरही जगणार. साधं. आडवा अर्थ नाही. जातो.

१९

बोललो. मोठ्याने, पुन्हा पुन्हा. फिरत होतं — आवाज एकसारखा, स्वच्छ — कान देऊन ऐकत होतो —

खांद्यावर एकदम वजन आलं. मला वाटलं भांडायला आली. खिडकीतून उतरली असणार, गुडघा खरचटलाय. अर्धं शटर उचलून आत —

ठोकळा दुभंगला होता. माझ्या डोक्याच्या रेषेत आला. मध्ये तिचं —

माझ्या अंगावर आहे अजून. जड. मशीन फिरतंय. वायर उपटलेली आहे.

मास्तर शटरखाली वाकून बोलतायत. ओठ दिसतात. वहीत लिहून द्या म्हटलं, दिलं. त्यांचं अक्षर —

"लाकूड मघापासून तडकत होतं. आमच्या घरात ऐकू येत होतं. वहिनी दारातून किती हाका मारत होत्या."

मला ऐकू आलंच नाही—