गुपित ठेवायची जागा

मुलांचा हृदयविभाग, सोमवार

ती. दादास धाकटीचा नमस्कार, वि. वि.

फोनवर बोलले तर भिंगरी ऐकेल, म्हणून ह्यांच्या हाती चिठ्ठी धाडतेय. तुझ्या भाचीने आज ऑपरेशन होऊ दिलं नाही! स्ट्रेचर दिसताच दोन्ही हात छातीवर दाबून अशी किंचाळली की चिकटवलेल्या वायरी सुटल्या. सर्जन म्हणाले, एवढं रडवून नको, उद्या नेऊ. पण हृदयातलं भोक आता फार थांबू देणार नाही.

इथे मुलांशी नि आईबापांशी बोलायला एक समुपदेशक बाई आहेत. त्यांनी खेळता खेळता काढून घेतलं. मामाने काळजात काहीतरी ठेवायला दिलंय आणि हृदय उघडलं की ते डॉक्टरांना दिसेल, म्हणे. काय ते मात्र सांगत नाही. सहा वर्षांच्या पोरीकडे तू काय ठेवलंस रे बाबा? खरं लिही, शहाणपणा नको.

धास्तावलेली,
धाकटी


दुकान, सोमवार संध्याकाळ

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आधी एक दुरुस्ती. हृदय उघडणार असं मोघम लिहू नये. शेजारी शेजारी दोन पंप, मधल्या पडद्याला भोक, तिथे ठिगळ बसणार. कॉलेजचं तोंड न पाहता मी हे वाचून समजून घेतलंय. जन्मभर पंपच खोलतोय. माझे किंचाळत नाहीत इतकंच.

आता गुपित. हसलीस तर याद राख. मी मिशी रंगवतो. पोरीने मला ब्रशसकट पकडलं, तेव्हा हे अगदी काळजात ठेव असं बजावलं. एवढा काटेकोर माणूस, आणि नेमका शब्दात घसरलो. तुझ्या वहिनीलाही पत्ता नाही, नसावाच.

पोरीला सांग, मामा चुकला. गुपित पोटात ठेवतात. एखाद्याच्या पोटात काही राहत नाही असं मोठी माणसं म्हणतात ते उगाच नाही. आवंढा गिळायचा, की गेलं खाली. डॉक्टर छातीच उघडणार, पोटाला बोटही लावणार नाहीत.

चिठ्ठी वाचल्यापासून पाना उलटाच फिरवतोय. झालं की लगेच कळवा.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
दादा


वॉर्ड, शुक्रवार

ती. दादास सप्रेम नमस्कार.

ठिगळ नीट बसल्याचा फोन ह्यांनी केलाच होता. तुझी मात्रा लागू पडली. आमच्या भिंगरीबाईसाहेबांनी आवंढा गिळला, पोटावर थोपटलं आणि आपणहून स्ट्रेचरवर चढल्या. आईबापांच्या खोलीत समुपदेशक बाई शेवटपर्यंत आमच्याजवळ बसून होत्या. हे त्यांचाच रुमाल घेऊन रडले, अजून परत केलेला नाही. आज तिला अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणलं. श्वास कसा शांत चाललाय, बघत बसावंसं वाटतं.

पण नवा घोळ झालाय. दुखण्यावरच्या औषधांनी पोट गच्च झालंय, आणि छातीला टाके असताना कुंथायचं नाही. नर्सने पोट साफ व्हायचं औषध आणलं, तर हिने तोंड घट्ट मिटलं. मामाचं गुपित बाहेर पडेल, म्हणते. सर्जनसुद्धा हात टेकून बसलेत. तेव्हा ती मिशी आता कुठे ठेवायची, ते संध्याकाळच्या आत कळव.

लोभ असू दे, थोडी अक्कलही असू दे.
तुझी धाकटी