नटीच्या कानामागे आम्ही दोघं

आदरणीय आल्मुटताई,

धाकट्या भावाचा, म्हणजे एकहार्टचा, आदरपूर्वक नमस्कार. कीलमध्ये तुझं कसं चाललंय? गुडघा जिना चढू देतो का, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी तुझ्या बाल्कनीत सिगारेटची राख झटकणं थांबवलं का? (थांबवलं नसेल तर मला त्यांचं नाव कळव. मी एक खरमरीत पत्र लिहीन. निवृत्त झाल्यापासून मला खरमरीत पत्रं फार छान जमतात.) इकडे युल्त्सेनला आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे प्रकृतीने ठीक आहोत. हायड्रूनचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि ती तो मोजून झाला की मला मोठ्याने वाचून दाखवते. परसातलं आलुबुखाराचं झाड यंदा इतकं लगडलंय की एक फांदी शेजाऱ्यांच्या मोटारीवर टेकलीय.

पत्र लिहायला खास असं काही कारण नाही. सहज लिहितोय.

आमच्या गावात एक चित्रपट मंडळ आहे. ते चालवतात डॉक्टर ट्योनीसबाई. पूर्वी त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आणि अजूनही समोरचा माणूस तोंड उघडायला लागला की त्यांना तो वेदना सांगणार असंच वाटतं. गेल्या महिन्यात त्यांनी जुना सिनेमा लावला, ‘वाऱ्याकडे पाठ’. आमरुम बेटावर सुट्टीला गेलेल्या एका जोडप्याचं नातं कसं तुटत जातं त्याची गोष्ट. गोष्ट म्हणजे काय, तो समुद्राकडे बघतो, ती सफरचंद सोलते. मग ती समुद्राकडे बघते आणि तो ते सफरचंद न खाता ठेवून देतो. मी एरवी असल्या सिनेमाला मुद्दाम पैसे देऊन झोपायला गेलो नसतो, पण हायड्रूनने फलक वाचला आणि म्हणाली, “अरे, हा तर आपला सिनेमा.”

तुला आठवत असेल, शहात्तरच्या उन्हाळ्यात आम्ही आमरुमला तंबू घेऊन गेलो होतो. लग्न झालेलं नव्हतं. बाबांना मी सांगितलं होतं की फुटबॉलच्या मित्रांबरोबर चाललोय, आणि खरं फक्त तुला ठाऊक होतं. हायड्रून तेव्हा माझ्याकडे गाडी शिकत होती. (शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो मी तिच्यावर जितका वापरला तितका कुणावर वापरला नाही, असं ती सांगते. मी सांगतो की तशी गाडीही कुणी चालवली नाही.) सारा देश त्या वर्षी उन्हाने होरपळत होता, पण आम्ही पोचलो त्या आठवड्यात बेटावर असा वारा सुटला की तंबूच्या खुंट्या रात्रीतून निघायच्या आणि सकाळी आम्ही दोघं आमच्याच तंबूत गुंडाळलेले सापडायचो. बटाट्याची कोशिंबीर बरणीतून खाल्ली तरी दाताखाली वाळू. स्वेटर तर वाळलाच नाही कधी. ताई, मी त्यानंतर किती चांगल्या हॉटेलांत राहिलो, पण ओल्या लोकरीचा वास आला की मला अजून पंचविशीत असल्यासारखं वाटतं आणि कुणीतरी भूक लागली का असं विचारावं असं वाटतं.

तर तिथे ही सिनेमाची मंडळी आली. त्यांना नट-नटीच्या मागे किनाऱ्यावर माणसं हवी होती, आणि अशा वाऱ्यात किनाऱ्यावर आम्ही दोघंच होतो. एका पोरसवदा बाईने आम्हाला वेताच्या, दोघं बसतील अशा छपराच्या खुर्चीत बसवलं, हातात माशाचा एकेक पाव दिला आणि म्हणाली, “कॅमेऱ्याकडे बघू नका. जोडपी बोलतात तसं काहीतरी बोलत राहा.” आता जोडपी काय बोलतात? पहिल्यांदा आम्ही हवेबद्दल बोललो. दृश्य पुन्हा घेतलं, तेव्हा पावाबद्दल बोललो. त्यांचं समाधान होईना, आमचे विषय संपले. आणि मग, विषयच उरला नाही म्हणून म्हण, त्या खुर्चीत आमचं लग्न ठरलं. मी तिला विचारलं. हे मी तुला आमच्या लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगत आलो आहे. आणि त्यानंतर लगेच हायड्रून सांगत आली आहे की विचारलं तिने. आम्ही दोघंही हसून सोडून द्यायचो. पुरावा नव्हता ना.

तो पुरावा मंडळाच्या त्या संध्याकाळी पडद्यावर आला. मला डुलकी लागली होती. हायड्रूनचं कोपर बरगडीत बसलं. नटी जवळून दिसत होती, नट तिला म्हणत होता, “तू दमलेली नसतेस तेव्हा कोण असतेस, ते मला माहीतच नाही,” सगळं सभागृह श्वास रोखून, आणि नटीच्या डाव्या कानामागे, ताई, आम्ही. माझ्या डोक्यावर केस. हायड्रून आपला ओला स्वेटर माझ्या गळ्याभोवती गुंडाळतेय आणि दोघांचे ओठ हलताहेत. आवाज मात्र समुद्राचा. मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. नटीच्या चेहऱ्यावर माझ्या डोक्याची सावली पडली तेव्हा कळलं. मागून ट्योनीसबाई म्हणाल्या, “ब्रूनिंग, खाली बसा.” मी म्हणालो, “बसलोच आहे, तिकडे बघा.” लोक हसले. सिनेमातल्या सर्वांत दुःखाच्या जागी हसले.

नंतर चर्चा असते. एका विद्वान तरुणाने समजावून सांगितलं की मागचं ते जोडपं ही दिग्दर्शकाची फार क्रूर योजना आहे. विचार न करणाऱ्या सामान्य माणसांचं आंधळं सुख त्याने मुद्दाम तिथे बसवलंय. हायड्रून उभी राहिली. “आम्ही सुखी नव्हतो,” ती म्हणाली, “आम्हाला थंडी वाजत होती.” मग साहजिकच कुणीतरी विचारलं की तुम्ही बोलत काय होतात. आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं, आणि दोघांनी वेगवेगळं दिलं. ट्योनीसबाईंनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. लोक पुढच्या रांगेत येऊन बसले. एक म्हणाला, बाईंचे ओठ आधी हलले. दुसरा म्हणाला, त्या पाव चावताहेत. मतदान झालं, त्यात सभागृह फुटलं, आणि नट-नटीचं शेवटी काय झालं ते विचारायला कुणी उरलं नाही.

मला वाटलं घरी जाऊन हसू. पण ती गाडीत बाहेर बघत राहिली. दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून सफरचंद सोलत होती, आणि मला खरंच भीती वाटली, कारण सिनेमातल्या त्या बाईचं पुढे काय होतं ते मी नुकतंच पाहिलं होतं. काही दिवसांनी सकाळच्या कॉफीला म्हणाली, “गाडी तू शिकवलीस. घर तू पसंत केलंस. माझ्या लोकरीच्या दुकानाची जागासुद्धा तू शोधलीस. माझ्या आयुष्यातलं एक काम मी कुणी न सांगता केलं, असं मी समजत आले. तेही तूच केलं असशील तर मग मी काय केलं?”

मी गप्प राहायला हवं होतं. पण ताई, माझंही ऐक. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बसलो. धोका दिसला की थांबव, हेच माझं काम. एकदाच, एका वाऱ्याच्या दिवशी, मी पाय काढला. असं मला वाटतं. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तू? तू तर टपाल टाकायला जातानासुद्धा दोनदा मागे वळून बघतोस.”

तेव्हापासून रोज हेच. जेवताना सुरू होतं आणि दिवा मालवला तरी संपत नाही. त्या दिवशी वारा कुठून होता, खुर्चीचा रंग कोणता, परतीच्या बोटीत कोण कुणाच्या खांद्यावर झोपलं. काल तिला आठवलं की तंबूशेजारच्या म्हातारीने आम्हाला शेगडी दिली होती आणि मला आठवलं की ती आम्हाला नवराबायको समजून ‘ब्रूनिंगबाई’ अशी हाक मारायची, आणि हायड्रून तेव्हा लाजून तंबूत शिरायची. ती म्हणते, लाजायचास तू. असा छळ चाललाय. असो.

आमची लेक स्वेन्या ठीक आहे. तुझ्या भाचीने तो प्रसंग डॉक्टरबाईंकडून मागून आणून संगणकावर मोठा करून दिलाय. ओठ अगदी स्वच्छ दिसतात.

काळजी घे. गुडघ्याला ऊब दे.

तुझा भाऊ,
एकहार्ट

ता. क. आलुबुखाराचा केक या रविवारी होतोय. सहज येऊन जा. स्टेशनवर मी घ्यायला येईन.

आणखी एक ता. क. गोवराने तुझे कान नेले तेव्हापासून तू ओठांवरून वाचत आलीस. आई म्हणायची, घरात काही लपवायचं तर आल्मुटकडे पाठ करा. केक खाऊन झाल्यावर त्या संगणकाकडे जरा नजर टाकशील का? मी विचारत असेन तर सर्वांसमोर स्पष्ट सांग. ती विचारत असेल, तर लाट मध्ये आली असं म्हण.

शेवटचा ता. क. नाही, ती असेल तर ती आहे असंच सांग. लाट राहू दे.

*(खाली वेगळ्या अक्षरात)*

आल्मुटताई, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. मी ते दृश्य एकटीने बरेचदा पाहिलं. मला तर शंका येते की आम्ही दोघंही मीठ विसरल्याबद्दल बोलत होतो. पण दुकान बंद केल्यापासून हा माणूस माझ्याशी इतका बोलला नव्हता. काल झोपेत म्हणाला, “खुर्ची निळी होती.” निळीच होती. मी कबूल केलेलं नाही.

तुम्ही नक्की या, केकवर साय जास्त घालीन. फक्त येताना चष्मा घरीच विसरा.

तुमची,
हायड्रून