बिननावाचा पेशंट

विनोददादा,

हे पत्र मी तुला पाठवणार न्हाई. पाठवलं, तर ज्या विश्वासावर माझं काम चालतं तोच मोडंल.

पुण्याच्या हाफिसात आम्ही आजारांचा अभ्यास करतो. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी एकमेकींना जोडतो, पण त्यातली नावं आधीच काढलेली असतात. परवा असाच एक बिननावाचा पेशंट समोर आला. केडगावचा. लहानपणी गुऱ्हाळाच्या चरकात डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. जोडलेल्या नोंदीत होतं: टीबी, औषध मधेच सोडलं.

दादा, तवा तुझा रगताळलेला हात मीच माझ्या फ्रॉकात धरला होता.

पेशंट ओळखू येतोय, हे मी लगेच हाफिसातल्या मॅडमना सांगितलं. त्यांनी नोंदीतून गाव आन् बोटं दोन्ही काढायला लावली. म्हणाल्या, "गौतमी, यातलं घरी काही बोलायचं नाही." बरोबरच हाय. कुणी दुसऱ्यानं ओळखलं असतं, तर गावभर बोभाटा झाला असता.

पण अंगावर पिणाऱ्या तुझ्या लेकीला, परीला, तू छातीवर घेऊन झोपतोस रे! आन् मी घरी आले, की सारखा उठून गुऱ्हाळामागं जातोस. मला वाटायचं, बिडी ओढायला जातोस.

स्क्रीनवर दिसलेलं मला बोलता येत न्हाई. पण डोळ्यांदेखत घडलेलं बहीण बोलू शकते, भांडू शकते, दंडाला धरून दवाखान्यात नेऊ शकते.

रविवारी येते. बाहेर जाऊ नकोस. एकदा माझ्यासमोर खोक, दादा.

तुझीच,
गौतमी