दाढ काढली, गोळी राहिली

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
वृद्ध रुग्ण निवास, पुरुष विभाग.

विषय : माझ्या पतींची शांत करणारी गोळी टप्प्याटप्प्याने कमी करण्याबाबत.
संदर्भ : 'रुग्णाची स्वतःची कोणतीही तक्रार नाही' असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

या गोळीतून कोणाचा काय फायदा व्हायचा होता, ते आधी मांडते. रात्रपाळीच्या मावशींना पाठ टेकायला मिळणार होती, शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना निवांत पेपर वाचता येणार होता आणि मला, खोटे कशाला लिहू, घरी निजता येणार होते. तिघांचेही साधले.

आमचे हे शिंपी. स्मृतिभ्रंश झाल्यापासून बायको म्हणून मला ओळखत नाहीत, पण गिऱ्हाईक म्हणून मान देत. मी गेले की, "ताई, माप देऊन जा. गुरुवारी नक्की." गुरुवारी गेले की पुढचा गुरुवार. दुकान चालू असतानाही तेच करत, त्यामुळे हे आजाराचे लक्षण धरू नये.

आठवणीसाठी जी गोळी चालू आहे, तिने गेलेले परत येत नाही, फार तर काही जणांची घसरण थोडी सावकाश होते, हे डॉक्टरीणबाईंनी मला समजावले आहे. तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. अर्ज दुसरीबद्दल आहे. हे जेवताना ताट भिरकावू लागले, मावशींच्या हाताला चावले, म्हणून ती सुरू झाली. "थोडे दिवस देऊ, मग पुन्हा पाहू," असे तेव्हा ठरले होते. पुढे कळले की यांची दाढ किडली होती. कुठे दुखते ते सांगता येईना, म्हणून ताट. दाढ काढली, ताट फेकणे थांबले. गोळी मात्र चालूच राहिली. पुन्हा पाहायचे होते ते कोणी पाहिले नाही. दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

आता हे दिवसभर मान खाली घालून बसतात. लाळ गळते, पाय उचलत नाही, एकदा पडलेही, आणि आता तर बोलणेही बंद झाले आहे. कागदावर शेरा आहे, 'रुग्ण शांत, सुधारणा समाधानकारक'. मी पहिला अर्ज केला, त्यावर आपले वरील उत्तर आले. महोदय, तक्रार करायला तोंड उघडावे लागते. रुग्णानेच तक्रार करावी असा नियम असेल, तर त्यासाठी आधी गोळी कमी करावी लागेल. ज्यांना चावले त्या मावशीच परवा म्हणाल्या, "काकू, चावत होते तेव्हा समोर माणूस तरी होता."

तरी विनंती की, ही गोळी एकदम बंद न करता आपल्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी. पुन्हा आरडाओरडा झालाच, तर आधी दात, पोट, लघवी तपासावी आणि मला बोलवावे. मी येऊन बसेन. त्यांनी मला गिऱ्हाईक समजले तरी चालेल.

एकूण जमा अशी : मावशींना झोप, मास्तरांना पेपर, मला घर, कार्यालयाला 'शांत' हा शेरा. किंमत एकट्या शिंप्याने मोजली, आधी पाय देऊन, मग बोलणे देऊन.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
रुग्णाची पत्नी
दिनांक : ९ जानेवारी