दोन दगड वेगळे करण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, प्राचीन ग्रीक इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, पत्नीच्या निधनानंतर अकराव्या महिन्यात, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय माझी इच्छा लिहून ठेवीत आहे. शुद्धीबाबत माझ्या कन्येस शंका आहे; डॉक्टरांस नाही.

१. राहते घर, सामान व बँकेतील ठेव कन्येस मिळावी. वरच्या खोलीची खिडकी अडते. खालून धक्का द्यावा, ओढू नये.

२. शिलालेखांचे सर्व कागदी ठसे विद्यापीठाच्या ग्रंथालयास द्यावेत. ओला जाड कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकत राहिले की वाळल्यावर त्यात अक्षरे उठतात. हे काम पत्नीचे. अजूनही दुपारी खुर्चीत डोळा लागला की तो ब्रश ऐकू येतो. पांढऱ्या अंगणात ती गुडघ्यांवर बसलेली असते. ऊन जागचे हलत नाही. मी काहीतरी विचारतो. "थांबा हो, ओलं आहे अजून," असे ती न वळता म्हणते, आणि मी थांबतो.

३. माझ्या ग्रंथाबाबत. दगडाच्या एका तुकड्यावर एका स्त्रीचे नाव होते, दुसऱ्यावर पत्नीसाठी शोक करणाऱ्या कोणा पतीच्या चार ओळी. दोहोंचे ठसे जेवणाच्या टेबलावर जुळवून मी ते एकच थडगे ठरवले व त्यावर ग्रंथ उभा केला. तो गाजला. ठशात दगडाचा दर्शनी भाग उतरतो, जाडी उतरत नाही, याचे भान मला राहिले नाही. पत्नीचे हात मात्र दगडामागे फिरले होते. पाहुण्यांदेखत ती म्हणाली, "अहो, हे एकमेकांचे नाहीत. एक चार बोटं जाड आहे, दुसरा सहा." मी म्हणालो, "तू आपला ब्रश सांभाळ." सगळे हसले. तीही हसली, आणि चहा आणायला आत गेली. हा विषय तिने पुन्हा काढला नाही. तिच्या वहीत मापे तारखेनिशी आहेत.

४. सबब, नव्या आवृत्तीतून हे दोन दगड जुळवणारे प्रकरण गाळून त्या जागी तिची टिपणे तिच्या नावाने छापावीत. कन्या म्हणते, "बाबा, उभ्या आयुष्याचं मातेरं करताय. आईला हे मुळीच आवडलं नसतं."

५. संपादन माझ्या माजी सहकाऱ्याने करावे. ग्रंथाविषयी त्याने कधी चांगला शब्द काढला नाही, म्हणून मी एकोणीस वर्षे अबोला धरला. घरात त्याचा उल्लेख 'मौनीबाबा' असा करीत असे. परवा फोन केला.

"सर, वहिनींनी मला मापं तेव्हाच दाखवली होती," तो म्हणाला. "कुठे बोलायचं नाही, अशी शपथ घातली. खोटं कौतुक जमेना, म्हणून गप्प बसलो."

म्हणजे तिच्या आईला हे आवडले नसते, हे कन्येचे म्हणणे खरे निघाले. तथापि शपथ त्यास होती, मला नव्हती. कलम ४ कायम आहे. माझे भिंग सहकाऱ्यास द्यावे.

६. सहीपूर्वी साक्षीदार ग्रंथपालबाईंनी विचारले, "सर, आमच्याकडच्या जुन्या प्रती काढून टाकू?" काढू नयेत. नवी प्रत त्यांच्या शेजारी ठेवावी.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, दोघांसमक्ष वाचला व मान्य केला.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. ग्रंथपालबाई (सही) २. शेजारचे दंतवैद्य (सही)
स्थळ: राहते घर, वरची खोली
दिनांक: १४ मार्च २०१९